शेपटीला 'निम' असलेले इंग्रजी शब्द आणि आपली गावठी अंडी

शब्दखोर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आईला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. आई म्हणाली, "डझनभर अंडी दे रे." दुकानदाराने विचारलं, "गावठी का साधी?" आई तिथेच अडली. तिच्या लहानपणी परसातल्या खुराड्यातून निघायची ती नुसती अंडी. आता ती 'गावठी' झाली, महाग झाली, आणि पोल्ट्रीतली पांढरीधोप अंडी 'साधी' म्हणवून घ्यायला लागली. "म्हणजे आम्ही जन्मभर खाल्ली ती कुठली?" असं पुटपुटत तिने साधीच घेतली.

या भानगडीला इंग्रजीत चक्क शब्द आहे: रेट्रोनिम. वस्तू जुनीच, पण मध्येच कोणी नवी येऊन तिच्या नावावर हक्क सांगते आणि जुनीला ओळखीसाठी विशेषण चिकटवावं लागतं. मोबाइल आला आणि घरातला फोन 'लँडलाइन' झाला. दुसरं महायुद्ध लागेपर्यंत बहुतेक लोक आधीच्याला नुसतं महायुद्धच म्हणत, नंतर त्याला 'पहिलं' हा नंबर पडला. हा शब्द फ्रँक मॅन्किविझ यांनी घडवला आणि १९८० मध्ये विल्यम सफायर यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या आपल्या भाषेच्या सदरात तो लोकांपुढे ठेवला.

मग मी या 'ऑनिम' शेपटीच्याच मागे लागलो. शाळेत सिनोनिम, अँटोनिम, होमोनिम एवढंच शिकवलं होतं. प्रत्यक्षात हे खटलं फार मोठं आहे. मूळ ग्रीक 'ओनोमा', म्हणजे नाव. त्याचंच बोलीतलं रूप 'ओनिमा'. आपलं 'नाम', लॅटिनचं 'नोमेन', इंग्रजांचं 'नेम' ही सगळी एकाच घरातली चुलत भावंडं. तेव्हा हे शब्द दिसतात परके, पण आडनाव आपल्या भावकीतलं आहे.

धाग्याचा नियम एकच. निमवाला शब्द सांगा आणि त्याला आपल्या घरातलं, गावातलं उदाहरण द्या. डिक्शनरी उतरवून काढू नका, ती सगळ्यांकडे आहे.

चिंगी

पहिली!! धागा मस्त. कडुनिंबाचा निम नाही हे कळलं, आता निवांत वाचते.

इचलकरंजीकर

रेट्रोनिमला आमच्याकडचं उदाहरण घ्या: हातमाग. विणकर हाताने विणायचा तेव्हा तो नुसता माग होता. यंत्रमाग आले तसा त्याला 'हात' लागला. आता तर आमच्या गावात उलटंच झालंय. नुसतं 'माग' म्हटलं की यंत्रमागच समजतात, हातमाग बघायचा तर शोधायला लागतो. म्हणजे तुमच्या अंड्यांसारखंच, नवा आला तो 'साधा' होऊन बसला.

रमाकाकू

नऊवारी! माझी आजी तिला लुगडं म्हणायची, बास. पाचवारी नेसणाऱ्या सुना घरात आल्या तेव्हा वार मोजायची वेळ आली.

आणि आता नातू म्हणतो, "आजी, आज ऑफलाइन शाळा आहे." २०२० च्या आधी शाळेला हे विशेषण लावायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

शब्दखोर

काकू, 'ऑफलाइन शाळा' साठी दंडवत. इचलकरंजीकर, तुमचा मुद्दाही पटला. विशेषण लागतं ते हरलेल्याला.

बॅकबेंचर

माझा आवडता एपोनिम. माणसाच्या नावावरून वस्तूचं किंवा क्रियेचं नाव. बॉयकॉट हा आयर्लंडमधला एका जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले आणि त्याचं आडनाव क्रियापद झालं. म्हणजे ज्याला वाळीत टाकलं त्याचंच नाव वाळीत टाकण्याला. अन्याय आहे राव.

घरचं उदाहरण: कोलगेट. आमच्या गावी कुठल्याही कंपनीची पेस्ट असो, "कोलगेट संपलं" असंच म्हणतात. विल्यम कोलगेट नावाच्या माणसाने १८०६ मध्ये न्यूयॉर्कला धंदा सुरू केला, तो साबण-मेणबत्त्यांचा. त्याचं आडनाव आमच्या मोरीतल्या फळीवर येऊन बसलंय.

वऱ्हाडी ठेचा

अन् जेसीबी? गावात पिवळं काहीबी खोदताना दिसलं का ते जेसीबी. इलेक्शन जिंकला का जेसीबीच्या फावड्यातून गुलाल. ते पण माणसाचंच नाव आहे ना भाऊ?

बॅकबेंचर

हो! जोसेफ सिरिल बॅमफर्ड. १९४५ मध्ये इंग्लंडात त्याने कंपनी काढली आणि आपली आद्याक्षरं तिला दिली. म्हणजे हा शब्द एपोनिमही आणि अ‍ॅक्रोनिमही. दोन निम एकाच यंत्रात.

मुद्रितशोधक

एक सुधारणा. आद्याक्षरांचा मिळून एक शब्द म्हणून उच्चार होतो तो अ‍ॅक्रोनिम. 'रडार', 'लेसर', 'नासा'. अक्षरं सुटी म्हणायची असतील तर त्याला इनिशियलिझम म्हणतात. आपण 'जे-सी-बी' म्हणतो, 'ज्सीब' म्हणत नाही.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या गावात 'जेशिपी' म्हणतात, एका दमात. आता काय करता?

मुद्रितशोधक

:) मग अ‍ॅक्रोनिम. माघार.

नाविक (निवृत्त)

एसओएस हा तसाच शब्द. 'सेव्ह अवर सोल्स'.

मुद्रितशोधक

नाही काका, हीच तर गंमत. एसओएस हे कशाचंही संक्षिप्त रूप नाही. मोर्समध्ये तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके असं सलग वाजवलं की गोंगाटातही ओळखू येतं म्हणून ही खूण निवडली. १९०६ च्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ती स्वीकारली गेली. 'आमचे जीव वाचवा' हे लोकांनी मागाहून बसवलं. असा मागाहून बसवलेला अर्थ असला की तो बॅक्रोनिम.

नाविक (निवृत्त)

चाळीस वर्षं समुद्रावर काढली आणि हे आज कळतंय. बरं झालं, कधी वापरावा लागला नाही.

दशांशचिन्ह

एपोनिम चाललंय आणि कोणी कापरेकरांचं नाव घेत नाही म्हणजे काय! देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६). जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ६१७४ या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच.

महाराष्ट्राचं स्थापना वर्ष घेऊन बघू, १९६०.
९६१० − ०१६९ = ९४४१
९४४१ − १४४९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

बरोब्बर सात. आपल्या राज्याचं काम तिथेही शेवटच्या तारखेलाच पूर्ण झालं.

चिंगी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ऑफिसात सगळे वळून बघतायत.

इंदूरची सून

मला एक्झोनिम सापडला. एखाद्या जागेला बाहेरचे ज्या नावाने ओळखतात ते एक्झोनिम, तिथले लोक स्वतः म्हणतात ते एंडोनिम. मराठीत एक्झोनिमांची खाणच आहे. ग्वालियरला ग्वाल्हेर, भोपालला भोपाळ, वडोदऱ्याला बडोदे, तंजावूरला तंजावर. जिथे जिथे मराठी घोडी पोचली तिथल्या नावाला आपण आपलं वळण दिलं.

आमच्या घरातली गंमत म्हणजे उंबऱ्याच्या आत इंदूर आणि फाटकाबाहेर इंदौर. सासूबाई फोनवर मावशींशी बोलताना "इंदुरात थंडी पडलीय" म्हणतात, आणि तेवढ्यात भाजीवाला आला की त्याच दमात "भैया, इंदौर में तो इस बार मटर बहुत महंगा है". पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणाऱ्या माणसांच्या तोंडचं 'इंदूर' बाहेरचं का आतलं, हे मला ठरवता येत नाही.

स्टुटगार्टचा बंडू

इंदूरताई, प्रश्न भारी आहे. मी ज्या देशात राहतो त्याची याबाबतीत सगळ्यात मोठी वरात आहे. हे लोक स्वतःला डॉइच म्हणतात. फ्रेंच त्यांना 'आलमान्य' म्हणतात, कारण फ्रेंचांच्या शेजारी आलेमानी टोळी होती. फिनलंडवाले 'साक्सा' म्हणतात, त्यांना सॅक्सन आधी भेटले. पोलिश आणि बाकीच्या स्लाव्ह भाषांत जे नाव आहे ते 'मुका' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं मानतात. म्हणजे ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो मुका! आपण इंग्रजीमार्फत लॅटिनचं 'जर्मानिया' उचललं. ज्याला जो पहिला भेटला, त्याच्या नावाने सगळा देश.

आपणही तेच केलंय की. 'फिरंगी' हा शब्द मूळ फ्रँक टोळीवरून, अरबी-फारसीतून आलेला. कोकणातल्या माणसाला भेटले पोर्तुगीज, तर ते झाले फिरंगी. मराठ्यांनी युरोपी पात्याची सरळ तलवार वापरली, तीही फिरंग.

सीमावासी

एक्झोनिमचा विषय निघालाच आहे तर बेळगाव आणि बेळगावी याबद्दल

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे. तिथे ४०० च्या वर प्रतिसाद आहेत, त्यात भर घालावी. इथे नको. या प्रतिसादाचा उर्वरित भाग उडवला आहे.

मिसळ विथ पाव

डेमोनिम. गावावरून तिथल्या माणसांचं नाव. (ग्रीक 'डेमोस' म्हणजे लोक. पुणेकरांनी लगेच अंगावर येऊ नये, डीमनशी संबंध नाही.) इंग्रजीत यांचा काही धरबंध नाही. लिव्हरपूलचा तो लिव्हरपडलियन, 'पूल' म्हणजे तळं म्हणून गमतीत 'पडल' म्हणजे डबकं केलं आणि तेच टिकलं. ग्लासगोचा ग्लास्वेजियन. मँचेस्टरचा मँक्युनियन, जुन्या लॅटिन नावावरून. प्रत्येक गावाचं वेगळं पाठ करायचं.

आपल्याकडे 'कर' लावला की काम झालं. नीट बघितलं तर मराठीत आणखी एक बारकावा आहे. माणूस कोल्हापूरकर, चप्पल कोल्हापुरी. माणूस सोलापूरकर, चादर सोलापुरी. माणूस नागपूरकर, संत्री नागपुरी. माणसाला 'कर', वस्तूला 'ई'. एखाद्याला 'कोल्हापुरी' म्हणून बघा, लगेच पायातली काढेल.

वऱ्हाडी ठेचा

पण मी तर वऱ्हाडी. मी चादर आहो का?

मिसळ विथ पाव

हा हा. प्रदेश आला की माणसालाही 'ई' चालतं: वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी. गाव आलं की 'कर'. आणि गोवा दोन्हीकडून वाचलं, मराठीत गोवेकर, कोंकणीत गोंयकार.

रमाकाकू

आणि मुंबईत राहिलेल्या आमच्यासारख्या देशावरच्यांना 'घाटी' म्हणतात, त्याला कुठला निम?

शब्दखोर

काकू, तो एक्झोनिमच. पण न विचारता दिलेला.

माजी बँकर

काँट्रोनिम. एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. मी तीस वर्षं कर्जाची सँक्शन लेटर्स काढली. सँक्शन म्हणजे मंजुरी. आणि पेपरात अमुक देशावर सँक्शन्स लादले, म्हणजे बंदी. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूक. आमच्या शाखेत दोन्ही एकाच माणसाकडे असायचं. मराठी उदाहरण आठवत नाही, कोणी सांगेल का?

परवा येतो

माझा आयडी वाचा. 'परवा' म्हणजे उद्याच्या नंतरचा आणि कालच्या आधीचाही. क्रियापद आलं की कळतं, तोवर श्वास रोखून बसायचं. तेरवाचंही तसंच. 'येतो' सुद्धा घ्या. निघताना म्हणायचं, म्हणजे जातो.

सांजवात

'वाढवणे' विसरलात.

मी सातवीत असताना खेळता खेळता हातातली काचेची बांगडी फुटली. मी ओरडले, "आजी, बांगडी फुटली!" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "वाढवली म्हण." मला कळेना, दोन तुकडे पडलेत आणि वाढली कशी? तसाच नारळ वाढवायचा, म्हणजे फोडायचा. दुकान वाढवायचं, म्हणजे फळ्या लावून बंद करायचं. दोन वर्षांनी आजोबा गेले तेव्हा माजघरातून बायकांचा आवाज आला, "मंगळसूत्र वाढवा." तेव्हा तो शब्द कशासाठी राखून ठेवला होता ते समजलं.

माजी बँकर

ताई, मी गमतीत विचारलं होतं. सुन्न झालो वाचून.

शब्दखोर

इंग्रजी काँट्रोनिम बहुतेक अपघाताने झालेले असतात. 'क्लीव्ह' म्हणजे चिकटणं आणि चिरणंही, कारण मुळात ते दोन वेगळे शब्द होते, चालत चालत एका रूपात येऊन पडले. आपला 'वाढवणे' अपघात नाही. कोणीतरी भिऊन, विचार करून उलटा केलेला शब्द आहे.

बहारीनची विद्या

विषय जरा बदलते. टेक्नोनिम: मुलाच्या नावावरून आईबापाला हाक. ग्रीक 'टेक्नोन' म्हणजे मूल. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८८९ मध्ये या पद्धतीला नाव दिलं. इथे अरब शेजाऱ्यांकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला 'अबू अमुक' आणि आईला 'उम्म अमुक' म्हणायची रीत आहे, आणि त्यात मान आहे. मला शेजारीण 'उम्म आरव' म्हणते.

पहिल्यांदा हाक ऐकली आणि मला आमचा वाडाच आठवला. माझी आई बाबांना जन्मात नावाने हाक मारणार नाही. "अहो", नाहीतर "विद्याचे बाबा". चारचौघात नाव घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंडाळून. वाडाभर कोणालाच आईचं नाव माहीत नव्हतं, ती सगळ्यांसाठी 'विद्याची आई'. टपालवाला मनीऑर्डर घेऊन आला आणि तिचं खरं नाव पुकारलं तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, "अशा कोणी इथे राहत नाहीत."

लेणीवेडा

विद्याताई, त्याच्या उलट मॅट्रोनिम, आईवरून मुलाचं नाव. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावतात ते पॅट्रोनिम. पण या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी राजे आईचं नाव लावत होते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलाचे पराक्रम आईने भिंतीवर कोरून ठेवलेत. जमलं तर पावसाळा संपल्यावर जा, पायऱ्या भरपूर आहेत.

कवडसा

मग केशवसुत? ते स्यूडोनिम, म्हणजे टोपणनाव, आणि शब्दार्थाने 'केशवाचा मुलगा', म्हणजे पॅट्रोनिमही. कृष्णाजी केशव दामले यांनी कागदावरचं मधलं नावच पुढे आणलं. पण कुसुमाग्रज आणि गोविंदाग्रज हे बहीणभावंडांवरून घेतलेले, त्यांचं काय करायचं? कुसुमचा थोरला भाऊ, गोविंदाचा थोरला भाऊ. थोरलेपणा टोपणनावात मिरवायची ही हौस मला तरी इंग्रजीत दिसलेली नाही.

सर्पमित्र_सातारा

रात्री दोनला फोन आला होता म्हणून उशिरा लिहितोय. टॉटोनिम: प्राण्याच्या शास्त्रीय नावात तोच शब्द दोनदा. आपला नाग म्हणजे 'नाजा नाजा'. त्या नाजाच्या मुळाशी संस्कृत 'नाग'च आहे. म्हणजे लॅटिनचा कोट घालून आपलाच नाग दोनदा. चितळ 'अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस'. गोरिलाच्या एका पोटजातीचं तर तीनदा, 'गोरिला गोरिला गोरिला'. हे प्राण्यांत चालतं, वनस्पतींच्या नावांना मात्र नियमाने बंदी.

परवाचा (झालेला परवा, येणारा नव्हे) साप होता घोणस. 'डाबोइया रसेलाय'. रसेल म्हणजे पॅट्रिक रसेल, भारतातल्या सापांचा अभ्यास करणारा स्कॉटिश डॉक्टर, म्हणजे एपोनिम. आणि 'डाबोइया' हिंदीतल्या दबून बसण्यावरून. बाथरूमच्या बादलीमागे अगदी नावाप्रमाणे दबा धरून बसली होती. घरातले म्हणत होते अजगराचं पिल्लू आहे. काठीने हलवून बघणार होते.

चिंगी

बापरे. बादली बघूनच आंघोळीला जाईन आता.

बॅकबेंचर

अ‍ॅनॅनिम राहिला, उलटं लिहून केलेलं नाव. विद्युतरोध मोजायचा 'ओहम', गेऑर्ग ओहमवरून. त्याच्या उलट, विद्युत किती सहज जाते ते मोजायला इंग्रजांनी ओहमची स्पेलिंग उलटी केली आणि एककाचं नाव ठेवलं 'म्हो'. चिन्हही ओमेगा उलटा टांगून. आता त्याला सीमेन्स म्हणतात. पॉलिटेक्निकला असताना सर फळ्यावर 'म्हो' लिहायचे आणि मागच्या बाकावरून गाय हंबरायची. कोण ते सांगत नाही.

मुद्रितशोधक

आयडीवरून कळलं.

रमाकाकू

नावाप्रमाणे माणूस निघाला तर?

मुद्रितशोधक

अ‍ॅप्ट्रोनिम, काकू. इंग्लंडात मेंदूविकारांचे एक मोठे डॉक्टर होते, रसेल ब्रेन. 'ब्रेन' नावाच्याच नियतकालिकाचे ते संपादक होते. त्यांच्या आधी त्याच नियतकालिकाचे संपादक होते हेन्री हेड. उलटंही असतं. मनिलाच्या एका आर्चबिशपांचं आडनाव होतं सिन (इंग्रजीत 'सिन' म्हणजे पाप), कार्डिनल झाल्यावर ते 'कार्डिनल सिन' झाले. अशा विसंगत नावाला इनॅप्ट्रोनिम.

रमाकाकू

एवढा मोठा शब्द कशाला? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

शब्दखोर

काकू, धाग्याची फी वसूल.

कॅपिटोनिम मात्र कोणी आणला नाही, आणि आणताही येणार नाही. पहिलं अक्षर मोठं केलं की अर्थ बदलतो तो शब्द: 'टर्की' देश आणि 'टर्की' पक्षी, 'मार्च' महिना आणि 'मार्च' कूच. देवनागरीत अक्षरांना लहान-मोठं नाही, त्यामुळे या एका निमाला आपल्या लिपीत जागाच नाही.

जाता जाता. आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. विणलेलं बाजूला ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "ते सगळं ठीक, पण अंडी परत आणायची झाली तर मागायची काय म्हणून?"

वऱ्हाडी ठेचा

माउलीला सांगा, 'अबू कोंबडी' म्हणून मागा.

बहारीनची विद्या

अबू नाही हो, उम्म. कोंबडी आई आहे. आणि ते नाव मुलावरून ठेवतात, म्हणजे कोंबडीलाच 'उम्म अंडी' म्हणायला हवं.

दशांशचिन्ह

मी इकडे एटीएमचा पिन टाकून बघितला, चौथ्या पायरीला ६१७४ आला.

माजी बँकर

पिन बदला. आजच.